शेळ्या-मेंढ्यांचे साथीचे रोग : बाजार, वाट आणि लस

१९८७ साली तामिळनाडूत, आजच्या विळुप्पुरम जिल्ह्यातल्या अरसूर गावी, मेंढ्यांच्या एका कळपात ताप, हगवण आणि तोंडात फोड अशी साथ आली. लक्षणे थेट गुरांच्या बुळकांडीची होती. तपासणीत मात्र निघाला पीपीआरचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीसारख्या रोगाचा, विषाणू. आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये १९४२ साली याच रोगाचे पहिले वर्णन झाले होते; भारतात त्याची नोंद होण्याची ही पहिली वेळ. पुढची काही वर्षे हा दक्षिणेतला रोग म्हणून ओळखला गेला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तो उत्तरेतही सापडू लागला आणि आज देशातल्या बहुतेक राज्यांत तो ठाण मांडून बसला आहे. महाराष्ट्रातला शेळीपालक त्याला आता नावाने ओळखतो. विसाव्या पशुगणनेप्रमाणे, म्हणजे २०१९ साली, देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. त्यांतल्या सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाख मेंढ्या महाराष्ट्रात. यांतले फार मोठे धन भूमिहीनांचे, अल्पभूधारकांचे, एकट्या राहणाऱ्या बायांचे आणि भटक्या धनगरांचे आहे. म्हणून या रोगांचा प्रश्न मला पशुवैद्यकाच्या चार भिंतींतला वाटत नाही.

पीपीआर झालेली शेळी एकदा पाहिली की विसरता येत नाही. पहिल्या दिवशी ती फक्त सुस्त असते. रवंथ थांबतो, कान पडतात, अंग भाजते. ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत चढलेला असतो. नाकाडोळ्यांतून पाणी गळते आणि मालक म्हणतो, सर्दी झाली असेल. तीन-चार दिवसांत ते पाणी घट्ट, पिवळे होते, नाकपुड्यांवर वाळून खपली धरते आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवर कोंडा पसरावा तसा करडा थर दिसतो आणि तोंडाला घाण वास मारतो. मग पातळ हगवण लागते, शेपटीखालचे केस माखतात, शेळी कण्हत खोकते. ताप आल्यापासून पाच ते दहा दिवसांत बऱ्याच शेळ्या जातात. गाभण शेळ्या गाभडतात. करडांचे हाल सर्वांत जास्त. ज्या कळपाला पूर्वी हा रोग झालेला नाही आणि लसही टोचलेली नाही, तिथे शंभरातली नव्वद जनावरेही दगावू शकतात.

या रोगाच्या पसरण्याचे सगळे गणित पहिल्या चार-पाच दिवसांत आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात, आणि लक्षणे ठळक होण्याच्या आधीच जनावराच्या श्वासातून, शेंबडातून, लाळेतून, लेंड्यांतून विषाणू बाहेर पडू लागतो. एकाच गव्हाणीत तोंड घालणारी, एकाच हाळावर पाणी पिणारी, टेम्पोत अंगाला अंग घासून उभी असलेली जनावरे तो एकमेकांना देतात. पण हाच विषाणू शरीराबाहेर फार दुबळा आहे. उन्हात आणि कोरड्या हवेत तो काही तासांत मरतो. बरी झालेली शेळी तो अंगात लपवून ठेवत नाही. एकदा बरे झालेल्या जनावराला बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. त्याचे पोटप्रकार चार असले तरी एकच लस सगळ्यांवर चालते. माणसाला तो होत नाही. म्हणजे पीपीआरला जगायचे असेल तर दर आठवड्याला नवे, लस न टोचलेले जनावर मिळालेच पाहिजे. ते त्याला कोण पुरवते, हा खरा प्रश्न आहे.

इतिहासात याचा एक धागा आहे. पीपीआर आणि बुळकांडी हे सख्खे भाऊ. गोवर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपरही त्याच कुळातले. बुळकांडीची लस शेळ्या-मेंढ्यांना पीपीआरपासूनही वाचवायची आणि ती बरीच वर्षे त्यासाठी वापरलीही गेली. भारतात बुळकांडीचे शेवटचे प्रकरण १९९५ साली सापडले. त्यानंतर रोग संपल्याचे सिद्ध करण्यासाठी ती लस थांबवावी लागली आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. पशुवैद्यकाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय. पण तोवर लहान जनावरांना मिळणारे उसने संरक्षण गेले होते आणि पीपीआरला मोकळे रान मिळाले होते. आपल्या शास्त्रज्ञांनी वेळेत नवी लस केली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. हिमाचलातल्या सुंगरी गावच्या शेळ्यांमधून १९९६ साली घेतलेल्या विषाणूपासून भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने मुक्तेश्वर इथे लस तयार केली आणि तामिळनाडूने अरसूरच्या विषाणूपासून आपली लस केली. मुक्तेश्वरच्या या संस्थेचा जन्म पुण्याचा. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात सुरू झालेली जंतुशास्त्राची प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात हलवली गेली, ती हीच.

लस आहे, ती उत्तम आहे, एका टोचणीत निदान तीन वर्षे संरक्षण देते. तरीही रोग का हटत नाही? माझे उत्तर सरळ आहे. जनावर ज्या वाटेने चालते त्या वाटेवर आपली लस नसते, आणि आजारी जनावर ज्या कारणाने बाजारात येते त्या कारणावर आपण बोलत नाही.

बाजारापासून सुरू करू. लोणंद, आटपाडी, सांगोला, चाकण इथल्या बाजारांत पहाटेपासून टेम्पो लागतात. दहा गावांच्या शेळ्या एका दोरीला बांधलेल्या असतात. व्यापारी ओठ उचलून दात बघतो, कंबर चाचपतो, सौदा होतो. ज्याचे विकले गेले नाही तो दुपारी तीच शेळी घरी नेतो आणि तिच्याबरोबर दिवसभरात जे काही अंगावर आले तेही नेतो. बकरी ईदच्या आधी मुंबईतल्या देवनारच्या कत्तलखान्यात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून लाखाहून जास्त बोकड येतात. देवनारला आलेला बोकड बहुधा परत जात नाही, त्यामुळे तिथून रोग मागे फिरण्याचा धोका तुलनेने कमी. वाटेतल्या तळांवर, जिथे माल उतरवतात, पाणी दाखवतात, उरलेले स्थानिक बाजारात विकतात, तिथला धोका खरा.

बाजार रोग किती वेगाने नेतो याचा सर्वांत स्पष्ट धडा ब्रिटनने २००१ साली घेतला. तिथल्या लाळ्या खुरकुताच्या साथीचा उगम ईशान्य इंग्लंडमधल्या एका डुकरांच्या फार्मवर होता. तिथून तो शेजारच्या मेंढ्यांत गेला. मेंढ्यांत हा रोग इतका सौम्य असतो की थोडे लंगडणे सोडले तर काहीच कळत नाही. त्या मेंढ्या फेब्रुवारीच्या मध्याला हेक्सॅमच्या बाजारात गेल्या, तिथून लाँगटाउनच्या मोठ्या मेंढीबाजारात, आणि तिथून व्यापाऱ्यांच्या ट्रकांतून देशभर. २० फेब्रुवारीला रोगाचे निदान झाले आणि २३ फेब्रुवारीला जनावरांची ने-आण थांबवली. पण तोवर पन्नासहून जास्त ठिकाणी रोग पोचून गेला होता. शेवटी २,०२६ ठिकाणी लागण सापडली आणि साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली, त्यांत बहुतेक मेंढ्या होत्या. जिथे प्रत्येक फार्मची नोंद आहे, रस्त्यावर पोलीस आहे, सरकार नुकसानभरपाई देते, अशा देशाची ही गत.

आता आपल्याकडचा माणूस बघा. चार शेळ्या असलेल्या बाईच्या एका शेळीचे नाक गळू लागले. तिला ठाऊक आहे की आठवड्यात शेळी जाईल आणि मेलेल्या शेळीला कवडी मिळत नाही. आज बाजारात नेली तर निम्मी किंमत तरी हाती येईल. ती नेते. तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. प्राण्यांमधील संक्रामक रोगांसाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे रोगाची शंका आली की कळवणे मालकाचे कर्तव्य आहे आणि रोगग्रस्त भागातला बाजार बंद करता येतो. पण जो कळवतो त्याची शेळी अडते, बाजार बंद होतो, गाव त्याच्यावर चिडते आणि त्याच्या पदरात काही पडत नाही. कळवणाऱ्याचे नुकसान करणारी व्यवस्था रोगाची खबर कधीच वेळेवर मिळवू शकणार नाही. साथीच्या पहिल्या आठवड्यात आजारी शेळीची बाजाराइतकी किंमत जागेवर हातात पडली, तर ती टेम्पोत चढणार नाही.

सरकारी वाटप योजनांचाही इथे विचार व्हायला हवा. महाराष्ट्रात महामेष योजनेत आणि तेलंगणात २०१७ पासूनच्या मोठ्या मेंढीवाटपात वीस मेंढ्या आणि एक नर असे गट दिले गेले. हेतू चांगला आहे. पण असे गट भरताना जनावरे दूरदूरच्या बाजारांतून गोळा होतात, प्रवासाने थकतात, नवा चारा-पाणी लागते आणि त्याच दिवसांत ती अनोळखी कळपात सोडली जातात. रोगाला यापेक्षा सोयीची वेळ नाही. वाटप करण्याआधी लस आणि तीन आठवडे वेगळे ठेवणे ही अट कागदावर न राहता त्या अटीवरच पैसे सुटले पाहिजेत.

दुसरी वाट धनगरांची. माण, खटाव, फलटण, जत, सांगोला या कमी पावसाच्या पट्ट्यातले वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तळ, दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन निघतात. कुणी घाट उतरून कोकणात जातो, कुणी पुणे जिल्ह्यातल्या बागायती भागात. शेतकरी शेतात मेंढ्या बसवतात. लेंड्या-मुताचे खत मिळते आणि वाड्याला धान्य किंवा पैसे. पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरायचे. या प्रवासात मेंढरे शेकडो गावांच्या शेळ्यांच्या जवळून जातात, त्यामुळे रोग आला की गावकरी पहिले बोट त्यांच्याकडे दाखवतात. मला हे अन्यायाचे वाटते. वाड्याची मेंढरे रोग आणतात तशी ती गावातून रोग घेऊनही जातात, आणि वाटेत आजारी पडली तर त्यांच्या वाट्याला दवाखाना नसतो. ज्या तालुक्यात वाडा थांबला आहे तिथल्या यादीत ही मेंढरे नसतात आणि ज्या गावच्या यादीत असतात तिथे लस येते तेव्हा ती दोनशे किलोमीटर लांब असतात.

वाड्यावरचे लसीकरण पाहिले की काय लागते ते कळते. काम उजाडताच व्हावे लागते, मेंढरे वाघरीच्या, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाच्या, आत असतात तोवर. एकदा चरायला सुटली की दिवस गेला. कुपीत लसीची वाळलेली पांढरी वडी असते. थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेल्या द्रावणात ती विरघळवायची आणि तास-दोन तासांत संपवायची. एकजण मेंढी धरतो, दुसरा मानेमागची कातडी चिमटीत उचलून एक मिली लस कातडीखाली सोडतो, तिसरा पाठीवर रंगाची खूण करतो म्हणजे तीच मेंढी पुन्हा पुढे येत नाही. सवयीचे तिघे असतील तर दोनशे मेंढ्या ऊन चढायच्या आत उरकतात. आणि अर्धा वेळ बोलण्यात जातो. लसीने मेंढरे गाभडतात, ही भीती खोल रुजलेली आहे. धावपळीत गाभण मेंढी दाबली गेली, आपटली तर ती गाभडू शकते आणि दोष लसीवर येतो. हळू हाताने काम केले तर पुढच्या वर्षी तोच मेंढका स्वतः फोन करतो.

चार शेळ्यांच्या घराची अडचण उलटी आहे. शंभर मात्रांची कुपी एकदा फोडली की उरलेली लस संध्याकाळपर्यंत टिकत नाही. त्यामुळे लस टोचणारा शंभर जनावरे जमण्याची वाट पाहतो आणि सुट्या चार शेळ्या राहून जातात. कमी मात्रांच्या कुप्या जास्त महाग पडतात, पण वस्तीवस्तीवरच्या शेळ्यांसाठी त्याच लागतील.

यात एक गणितही आहे. शंभरांच्या कळपात नव्वदांना लस टोचली असे धरू. वर्षभरात चाळीस जनावरे विकली किंवा मेली आणि तितकीच नवी करडे आली. वर्षाअखेर संरक्षित जनावरे उरतात चौपन्न. साथ रोखायला कळपातली साधारण सत्तर ते ऐंशी टक्के जनावरे संरक्षित लागतात. म्हणजे एकदाच जोरदार मोहीम काढून फोटो छापले तरी दीड-दोन वर्षांत रोग परत येणारच. दरवर्षी फक्त नव्या पिल्लांना, तीन-चार महिन्यांची झाली की, लस देत राहणे हा उपाय आहे. त्याआधी दिली तर आईच्या चिकातून आलेले संरक्षण लसीला निष्प्रभ करते. आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि छत्तीसगढ या राज्यांनी २०१० नंतर सलग लसीकरण केले तेव्हा साथी घटल्या, हा आपल्याच देशातला दाखला आहे.

इतर रोगांकडे वळले तर प्रत्येकाची वाट वेगळी दिसते, आणि म्हणूनच सगळ्यांना एकच उपाय सांगणारी पत्रके निरुपयोगी ठरतात. देवीचा विषाणू पीपीआरसारखा दुबळा नाही. गळून पडलेल्या खपल्यांत, सावलीतल्या गोठ्याच्या मातीत तो महिनोन् महिने तग धरतो. त्यामुळे इथे लसीइतकेच महत्त्व गोठा खरवडून, चुना मारून, काही काळ रिकामा ठेवण्याला आहे. शेळ्यांच्या देवीच्या लसीने २०२२ साली आपल्या गायीबैलांनाही वाचवले; लम्पीच्या साथीत स्वतंत्र लस हाताशी नसताना महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी हीच लस टोचली, कारण दोन्ही विषाणू एकाच गटातले. नीलजिव्हा हा रोग तर मेंढीकडून मेंढीकडे थेट जातच नाही. बारीक चावऱ्या माश्या तो नेतात. पाऊस सरल्यावर, चिखल आणि शेणाच्या दलदलीत त्या वाढतात आणि साथही त्याच दिवसांत येते. भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ सालची, महाराष्ट्रातलीच. तिथे बाजार बंद करून फारसे साधत नाही; मेंढरे संध्याकाळी उंच, कोरड्या जागी बसवणे आणि लस हेच खरे. मावा हा तोंडावर फोड आणणारा रोग बहुधा आपोआप बरा होतो. पिणारी करडे सोडली तर त्याची फार धास्ती नको.

आंत्रविषाराबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा खाऊन रात्रीत धडधाकट मेंढरे मरतात तेव्हा साथ आली असे म्हणतात आणि उरलेली घाईघाईने विकतात. याचे जंतू निरोगी जनावराच्या आतड्यातच असतात. अचानक भरपूर, रसरशीत खाणे मिळाले की ते वाढून विष सोडतात. तो शेजारच्या कळपातून आलेला नसतो. पावसाळ्याआधी लस आणि कोवळ्या चाऱ्यावर हळूहळू सोडणे एवढ्याने तो टळतो.

काही रोग माणसापर्यंत येतात आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते, कारण ते बिनबोभाट येतात. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना येणाऱ्या दीर्घ तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली शोधला, पण तो येतो कुठून हे अठरा वर्षे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांच्या जेवणातून शेळीचे कच्चे दूध बंद झाले आणि ताप जवळजवळ थांबला. हाच तो ब्रुसेला, आपल्याकडचा सांसर्गिक गर्भपात. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुधाळ शेळ्यांच्या गोठ्यांतून क्यू फीव्हर पसरला, तो गाभडलेल्या शेळ्यांच्या जारातून, वाऱ्यावर उडणाऱ्या धुळीतून. चार हजारांहून जास्त माणसांना लागण झाली आणि पन्नास हजारांहून जास्त शेळ्या माराव्या लागल्या. आपल्याकडे अडलेली शेळी सोडवणारी बाई उघड्या हाताने आत हात घालते, जार ओढते आणि तसाच कुत्र्यापुढे टाकते. महिनोन् महिने उतरणारा-चढणारा ताप, सांधेदुखी आणि घाम घेऊन ती दवाखान्यात गेली, तर घरी शेळ्या आहेत का हे तिला क्वचितच विचारले जाते. तालुक्याच्या डॉक्टरने तो एक प्रश्न विचारायला सुरुवात केली तरी खूप काही बदलेल.

पीपीआर २०३० पर्यंत जगातून नाहीसा करण्याचा संकल्प २०१५ साली आबिजानमध्ये, म्हणजे या रोगाच्या पहिल्या नोंदीच्याच देशात, झाला. सत्तराहून जास्त देशांत तो पसरला आहे आणि त्याने दरवर्षी दीड ते दोन अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. मंगोलियात २०१६-१७ मध्ये तो सैगा हरणांत शिरला आणि त्यांचे कळपच्या कळप पडले. २०२४ साली तो ग्रीस आणि रुमानियात पोचला. ठरवलेल्या वर्षी तो संपेल असे मला दिसत नाही. पण तो संपवण्याजोगा आहे याबद्दल शंका नाही. बुळकांडी याच कुळातली होती. ती संपवताना इथिओपियाच्या अफार प्रांतात भटक्या पशुपालकांमधल्याच माणसांना शिकवून त्यांच्या हाती उष्णतेत टिकणारी लस दिली होती. सरकारी गाडी जिथे पोचत नव्हती तिथे तीच माणसे पोचली. प्रत्येक वाड्यातल्या एका-दोघा तरुणांना असे शिकवले आणि त्यांना त्याचे मानधन दिले, तर आपल्याकडेही हे काम होईल. पशुसंवर्धन खात्याने आणि शेळी-मेंढी विकास महामंडळाने दिवाळीआधी, वाडे निघायच्या आत, हे हाती घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि ज्यांच्या दारात शेळ्या आहेत त्यांना इतकेच सांगणे : बाजारातून आणलेले जनावर एकवीस दिवस आपल्या जनावरांपासून लांब बांधा, त्याची गव्हाण आणि पाण्याचे भांडे वेगळे ठेवा, करडू चार महिन्यांचे झाले की पीपीआरची लस मागून घ्या आणि दोन शेळ्यांची नाके एकदम गळू लागली तर बाजाराची वाट धरण्याआधी १९६२ वर फोन करा.